तरुण ताऱ्याभोवतीची कुठली धूळ टिकते, कुठली उडते: हिशोब घरी कसा काढायचा

आधी तारा बघून घ्या, मग गणित. फेब्रुवारीत रात्री साडेआठ-नऊला राजहंसगडाकडच्या माळावर दक्षिणेकडं तोंड करून थांबा, बेळगावचा उजेड पाठीमागं राहतो आणि समोर अगस्ती ठळक दिसतो. हात लांब करून तीन-चार बोटं धरा, अगस्तीच्या उजवीकडं साधारण तेवढ्या अंतरावर एक मंद तारा आहे, बीटा पिक्टोरिस. 63 प्रकाशवर्षं लांब आणि वय दोन कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात अजून लहानच. याच्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा फोटो स्मिथ आणि टेरिल यांनी 1984 मध्ये दाखवला.

आता कणावर दोन जोर चालतात. गुरुत्वाकर्षण आत ओढतं ते वजनाप्रमाणं, आणि प्रकाश बाहेर ढकलतो तो कणाच्या तोंडावर जेवढा उजेड पडतो तेवढ्यानं. त्रिज्या निम्मी केली की वजन आठवा हिस्सा होतं पण तोंडाचं क्षेत्रफळ चौथा हिस्साच, म्हणून बारीक कणाला ढकल तुलनेनं दुप्पट लागते, सगळी वर्गवारी इथंच होते बघा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, ताऱ्यापासून दुप्पट लांब गेलं की दोन्ही जोर चौथा हिस्सा होतात, त्यामुळं अंतर हिशोबातनं कटूनच जातं! कण जवळ असू दे नाहीतर लांब, गुणोत्तर तेच.

हे गुणोत्तर, म्हणजे प्रकाशाची ढकल भागिले गुरुत्वाकर्षणाची ओढ, ज्याला बीटा म्हणतात (ताऱ्याच्या नावातल्या बीटाशी याचा संबंध नाही), ते असं काढा. 0.57 घ्या, ताऱ्याच्या तेजानं गुणा, वस्तुमानानं भागा (दोन्ही सूर्याच्या पटीत), मग कणाची त्रिज्या मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घेऊन त्या दोन्हींनी भागा.

बीटा पिक्टोरिसचं तेज 8.7 आणि वस्तुमान 1.75, म्हणजे त्यांचा भागाकार जवळपास 5. दगडी कणाची घनता 2.5 धरली तर उत्तर येतं 1.14 भागिले त्रिज्या. 10 मायक्रॉनला 0.11, कण आरामात टिकतो. 1 मायक्रॉनला 1.14, गेला.

इथं बरेच जण कण उडून जायची सीमारेषा बीटा 1 धरतात, ती 0.5 आहे. कारण ही भुकटी मोठे दगड एकमेकांवर आपटून तयार होते आणि दगडाचा फिरायचा वेग तिला आयताच मिळतो. पीयूसीला (अकरावी-बारावीला) शिकलेली एस्केप व्हेलॉसिटी, म्हणजे कायमचं निसटून जायला लागणारा वेग, आठवा, ती वर्तुळाकार कक्षेतल्या वेगाच्या 1.41 पट, पण प्रकाशानं गुरुत्वाकर्षण निम्मं करून टाकलं की आहे तोच वेग पळून जायला पुरतो. म्हणून या ताऱ्याची सीमा 2.3 मायक्रॉन, सूर्याची 0.46. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्यांना 200 मेशची चाळण माहीत असेल, तिचं भोक 75 मायक्रॉनचं, ताऱ्याची चाळण त्याहून कितीतरी बारीक.

सीमेच्या जरा अलीकडचे कण उडत नाहीत पण लांबट कक्षेत जातात. किती लांब? 1 मधून बीटाची दुप्पट वजा करा आणि जन्माच्या जागेच्या अंतराला त्यानं भागा. बीटा 0.4 असेल तर कण पाचपट लांब जाऊन परत येतो. म्हणून मोठे दगड एका पट्ट्यात आणि बारीक धूळ बाहेरपर्यंत पसरलेली, अशी रचना तयार होते. उडणारी धूळ फार टिकत नाही, तरी ती दिसतेय म्हणजे आत दगड अजूनही आपटतायत आणि नवीन भुकटी निघतेय.

दोन ठिकाणी हा हिशोब लावू नका. एक, तबकडीत अजून भरपूर गॅस असेल तर कण गॅसबरोबर फरफटतात, गॅस संपल्यावरच हे गणित चालतं. दुसरं, कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप बारीक झाला की प्रकाश त्याला नीट पकडतच नाही. एयू मायक्रोस्कोपी या लाल ताऱ्यावर करून बघा, तेज 0.1, वस्तुमान 0.5, सीमा येते 0.09 मायक्रॉन, आणि त्याचा बहुतेक उजेड त्याहून कितीतरी मोठ्या तरंगलांबीचा, म्हणजे तिथं प्रकाशाच्या हातात फारसं काही नाही आणि धूळ बाहेर ढकलायचं काम ताऱ्याच्या वाऱ्यावर, म्हणजे ताऱ्यातनं सतत बाहेर वाहणाऱ्या कणांच्या झोतावर, येतं.