डर्ट बाइकचे टायर: वजन आणि टिकाऊपणा ठरवताना या चुका टाळा

मुंबईतून मातीच्या वाटेवर जाणाऱ्याला आधी काँक्रीट तुडवावे लागते. मुलुंड, ठाणे किंवा बोरिवलीहून निघाल्यावर कच्ची वाट लागेपर्यंत चाळीस ते साठ किलोमीटर सहज होतात. मग कर्जत, बदलापूर किंवा मुरबाडच्या पुढे गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली, की त्याच टायरला पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेचा चिकट चिखल आणि उन्हाळ्यात मुरूम व काळ्या दगडाचे धारदार तुकडे यांच्याशी सामना करावा लागतो. एकाच जोडीने हे सगळे निभावून न्यावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती पूर्ण झाली नाही की आपण त्याहून जड टायर शोधायला निघतो. गेली काही वर्षे सोबतच्या मंडळींचे टायर बदलायला हात लावताना माझ्या लक्षात आले की बहुतेक चुकांचे मूळ एकाच समजुतीत आहे, ती म्हणजे ‘जितका जड तितका मजबूत’. वजन वाढवल्याने काही प्रकारचे नुकसान टळते हे खरे आहे, पण सगळ्या प्रकारचे टळत नाही, आणि त्या वजनाची किंमत गाडीला प्रत्येक खड्ड्यावर मोजावी लागते.

वजन फक्त गाडीचे पाहणे

टाकीत दोन लिटर पेट्रोल जास्त भरले तर गाडी चालवताना फारसा फरक जाणवत नाही, परंतु तेवढेच वजन चाकाच्या परिघावर वाढले तर लगेच जाणवते. याची कारणे दोन आहेत. चाक, टायर, ट्यूब आणि ब्रेकची चकती यांचे वजन सस्पेन्शनच्या खाली असते, त्यामुळे दगडावर आदळून वर उसळलेल्या चाकाला पुन्हा जमिनीवर टेकवण्याचे काम स्प्रिंग आणि डँपिंगला करावे लागते. चाक जितके जड, तितके ते उशिरा खाली येते, आणि तेवढ्या वेळापुरती पकड नसते. दुसरे कारण असे, की टायर पुढे सरकतो तसाच फिरतोही. परिघावरच्या एक किलो वजनाला वेग देण्यासाठी इंजिनाला जवळपास दोन किलोंइतके कष्ट पडतात. पन्नास हॉर्सपॉवरच्या मोटोक्रॉस गाडीला ते पचते, पण २०० सीसीच्या एक्सपल्ससारख्या गाडीवर चढणीच्या मध्यावर गिअर उतरवावा लागतो आणि चालवणाऱ्याला वाटते की क्लच गेला.

म्हणून टायर बसवण्यापूर्वी तो काट्यावर ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर रद्दीवाला आहे. त्याच्या काट्यावर टायर आणि ट्यूब आधी वेगवेगळे आणि मग एकत्र ठेवून मी आकडा वहीत लिहितो. मोटोक्रॉसचा मागचा टायर साधारण पाच किलोंच्या आसपास भरतो आणि पुढचा त्याहून कमी, मात्र जास्त प्लायचा, म्हणजे आतल्या कापडी थरांचा, रस्त्यासाठीही बनवलेला रुंद टायर आणि त्यात जाड ट्यूब घातली की मागच्या चाकाचा भार किलो-दीड किलोने सहज वाढतो. हा फरक दुकानात टायर हातात धरून कळत नाही, त्याला काटाच हवा. पहिल्यांदा असे वजन केले तेव्हा मला आश्चर्य वाटले ते टायरचे नव्हे, ट्यूबचे. सुमारे चार मिलिमीटर जाडीची अल्ट्रा हेवी ड्यूटी ट्यूब हातात घेतली की ती ओल्या दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी जड लागते, आणि ते सगळे वजन आपण न विचारता चाकात कोंबत असतो.

टिकाऊपणा हा एकच गुण मानणे

‘हा टायर टिकेल का?’ हा प्रश्न अपुरा आहे. टायर चार वेगवेगळ्या प्रकारे संपतो: बटणे, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, झिजतात, बटणे मुळापासून फाटून निघतात, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) कापली जाते, किंवा टायर धडधाकट राहून आतली ट्यूब चिमटीत सापडून फुटते. या चारही दुखण्यांवर उपाय वेगळे आहेत, आणि जुना टायर फेकण्याआधी तो नीट पाहिला तर आपले दुखणे कोणते ते तो स्वतःच सांगतो.

मधली ओळ सपाट झाली आहे आणि कडेची बटणे नवी वाटतात, तर टायर मातीने नव्हे, काँक्रीटने खाल्लेला आहे. ताशी ८० किलोमीटरने जाताना उंच बटण जमिनीला टेकते, वाकते, सुटते आणि पुन्हा टेकते. त्या घुसळणीत रबर तापते आणि झिजते. यावर जाड साइडवॉलचा काहीही उपयोग नाही. बटणे जवळजवळ असलेला, मधल्या ओळीत सलग रबर असलेला आणि ‘५०-५०’ (निम्मा रस्ता, निम्मी माती) म्हणून विकला जाणारा टायर हाच मुंबईहून चालवत जाणाऱ्यासाठी खरा उपाय आहे, आणि बहुतेकांना तोच पुरतो असे माझे स्पष्ट मत आहे. टेंपोतून गाडी नेणाऱ्यांची गोष्ट निराळी.

बटणांच्या मुळाशी चिरा पडल्या आहेत किंवा काही बटणे अर्धी तुटली आहेत, तर टायर चुकीच्या जमिनीवर चालला आहे. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण दुकानातले शब्द हमखास गोंधळात पाडतात. ‘सॉफ्ट टेरेन’ म्हणजे मऊ रबर नव्हे, तर मऊ जमिनीसाठी बनवलेला टायर. त्याची बटणे उंच आणि विरळ असतात, म्हणजे ती चिखलात रुततात आणि चाक फिरताना मधला चिखल झटकला जातो. रबर मात्र बहुधा कडक असते. ‘हार्ड टेरेन’ टायरची बटणे आखूड आणि दाट असतात आणि रबर बहुधा मऊ असते, कारण कठीण जमिनीत बटण रुतणारच नाही, तिथे ते दगडाला चिकटून राहिले पाहिजे. जून-जुलैत चिखलासाठी घेतलेला सॉफ्ट टेरेन टायर तसाच ठेवून मार्चमध्ये मुरमावर नेला, तर एकेका बटणावर पूर्ण भार येतो, ती दुमडतात आणि मुळाशी फाटतात. मग कंपनीला दोष दिला जातो. उलट बाजूने, दाट बटणांचा टायर खाचराकाठच्या मातीत नेला तर पन्नास पावलांत नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. वर्षभर एकच जोडी ठेवायची असेल तर ‘इंटरमीडिएट’ प्रकार घ्यावा.

साइडवॉलवर आडवे काप दिसत असतील तरच जास्त प्लायचा, म्हणजे जास्त जड टायर घेणे योग्य आहे. नदीपात्रातल्या कोरड्या गोट्यांतून वारंवार जाणाऱ्यांना ते वजन उपयोगी पडते. चौथे दुखणे, ट्यूब चिमटण्याचे, हे मात्र बहुतेक वेळा टायरचे नसून हवेचे असते.

ट्यूब, हवा आणि रिम लॉक यांचा विचार टायरपासून वेगळा करणे

मुरबाडच्या पुढे एका कोरड्या ओढ्यातून चढण चढताना आमच्यातल्या एकाचे मागचे चाक अचानक बसले. त्याने आठवड्यापूर्वीच महागडा, मजबूत टायर बसवून घेतला होता आणि चांगली पकड मिळावी म्हणून सकाळीच हवा बरीच उतरवली होती. चाक काढले तेव्हा टायरवर ओरखडासुद्धा नव्हता, पण व्हॉल्व्ह मुळापासून उपटलेला होता. रिमच्या भोकातून तो सरळ बाहेर यायला हवा होता, त्याऐवजी बोटभर कलून, रबराची एक चिंधी घेऊन तो भोकाच्या कडेला अडकला होता. हवा कमी असल्याने टायर रिमवरून सरकला, त्याने ट्यूबला सोबत ओढले, आणि व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकून राहिला. तिथे रिम लॉक असता तर त्याने टायरची कड रिमवर दाबून धरली असती. त्याचे वजन फार नसते, आणि टायरमध्ये घातलेल्या जादा किलोपेक्षा ते कितीतरी जास्त कामाचे असते.

सरकण्याचा हा दोष आधी ओळखता येतो. टायर बसवल्यावर रिम आणि टायर यांवरून खडूची एक आडवी रेघ ओढावी. फेरीनंतर त्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर हवा कमी आहे किंवा रिम लॉक सैल आहे. त्याचप्रमाणे व्हॉल्व्हवरची नटाची चकती रिमवर घट्ट आवळू नये, ती वर टोपणाला टेकवून ठेवावी. आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह कलत नाही, आतून फाटत राहतो आणि आपल्याला कळते ते चाक बसल्यावरच. पंक्चरवाले सवयीने ती आवळतात, तेव्हा प्रत्येक वेळी आठवण करावी.

ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोके दिसली तर ती खिळ्याची नाहीत. दगडावर टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली, असा त्याचा अर्थ आहे. यावर पहिला उपाय हवा वाढवण्याचा आहे, जाड ट्यूब हा दुसरा. सुमारे शंभर किलोंच्या, रिम लॉक असलेल्या मोटोक्रॉस गाडीत १२ ते १५ पीएसआयवर चालवले जाते, पण ते आकडे ऐकून दीडशे किलोंच्या पुढच्या, सामान लादलेल्या गाडीत तेवढीच हवा ठेवणे म्हणजे रिम वाकवून घेणे होय. माझ्या गाडीत दगडी वाटेवर मी १८ च्या खाली जात नाही. परतताना रस्त्याला लागण्याआधी कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत हवा भरून घेतो, कारण कमी हवेत काँक्रीटवरून वेगाने गेल्यास टायर आतून तापतो आणि एका परतीच्या फेरीत महिन्याभराचे आयुष्य गमावतो. त्यासाठी छोटा पंप आणि हवा मोजायचे मीटर सोबत हवेच. अंगठ्याने दाबून पाहिलेल्या हवेवर विसंबून राहू नये.

ट्यूबऐवजी फोमचे मूस (ट्यूबच्या जागी बसणारे फोमचे कडे) घालावे का, असेही विचारले जाते. स्पर्धेसाठी ते उत्तम आहे, पंक्चरचा प्रश्नच मिटतो. पण सलग वेगाने डांबरावर चालवले की ते तापून खराब होते, त्यामुळे घरापासून चालवत जाणाऱ्या मुंबईकराने त्यावर पैसे घालू नयेत.

साइडवॉलवरचे आकडे न वाचणे

टायर रुंद घेतला की पकड वाढते, या समजुतीने एक्सपल्सच्या मागच्या चाकात १२०/८०-१८ ऐवजी १४० रुंदीचा टायर बसवणारे भेटतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा गोल होतो, म्हणजे सरळ जाताना मधलीच पट्टी टेकते. वजन वाढते, टेकणारा भाग वाढत नाही, आणि चिखलात टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासू लागतो. उंचीचाही हिशोब करावा. दुसरा आकडा उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो, म्हणून १२०/८० टायरची उंची ९६ मिलिमीटर, तर १२०/९० ची १०८. रुंदी तीच राहिली तरी गाडी मागून १२ मिलिमीटर उचलली जाते, गिअरिंग लांब होते, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ कमी पडते, आणि पुन्हा तोच क्लचचा संशय येतो.

मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर यांचा अर्थ फार कमी लोक लावतात. ५४पी म्हणजे तो टायर २१२ किलो भार पेलतो आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालतो. ५१एम म्हणजे १९५ किलो आणि १३० किलोमीटर. ६२ म्हणजे २६५ किलो. हलक्या स्पर्धेच्या गाडीसाठी बनवलेला ५७ चा, म्हणजे २३० किलोंचा मागचा टायर दोन माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या हिमालयनसारख्या जड गाडीच्या मागच्या भाराच्या अगदी जवळ येतो. माप जुळले तरी अशा वेळी तो घेऊ नये. ‘नॉट फॉर हायवे सर्व्हिस’ किंवा एनएचएस अशी खूण असलेला टायर तर हायवेवर चालवूच नये. तो त्यासाठी तपासलेलाच नसतो.

साइडवॉलवरच्या ‘डीओटी’ क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते, म्हणजे ‘२३२४’ हा टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात सवलतीत मिळणाऱ्या आयात टायरवर हे अंक आधी पाहावेत, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते आणि अशा टायरची बटणे झिजण्याऐवजी तुटतात.

बसवताना घाई करणे

चांगला टायर टॉमीच्या (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीच्या) एका चुकीच्या रेट्याने वाया जाऊ शकतो. काठ चढवताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरली, कडेला साबणाचे पाणी लावले आणि ट्यूबला आधी थोडी हवा दिली, तर जोर लागत नाही आणि ट्यूब टॉमीखाली येत नाही. फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून घ्यावा. ज्या टायरवर बाण नाही, त्याच्या बटणांची पुढची धार गोल झाल्यावर तो उलटा करून बसवला तर मागची ताजी धार वापरता येते आणि एकाही ग्रॅमचे वजन न वाढवता टायर बराच जास्त चालतो. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक कड चाकाभोवती सर्वत्र सारख्या अंतरावर दिसते का ते पाहावे. एके ठिकाणी ती आत बुडालेली असेल तर हवा सोडून, साबणाचे पाणी पुन्हा लावून, टायर नव्याने बसवून घ्यावा आणि तसे झाल्याशिवाय दुकानातून गाडी काढू नये.