कांजिण्या आल्यात? आमच्या घरात झालेल्या या चुका तुम्ही टाळा

थंडी संपताना कांजिण्यांचा सीझन सुरू होतो तो एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे नेमका परीक्षांचा काळ. गेल्या वर्षी आमच्याकडे साताऱ्यात आधी सात वर्षांच्या मुलीला आल्या, मग बरोबर सोळाव्या दिवशी नवऱ्याला, आणि त्या महिन्याभरात आम्ही जे काही चुकलो त्यातलं निम्मं तरी आधी कोणी सांगितलं असतं तर टळलं असतं, म्हणून बसून सगळं लिहिते आहे.

"डास चावला असेल" म्हणून दोन दिवस घालवणं

शनिवारी संध्याकाळी मुलीच्या पाठीवर चार-पाच लाल पुटकुळ्या दिसल्या, अंग जरा कोमट लागत होतं. मी म्हटलं डास नाहीतर घामोळं. रविवार तसाच गेला. सोमवारी वेणी घालताना डोक्यात फोड सापडले, पाण्याने भरलेले, आणि सासूबाई लांबूनच म्हणाल्या, अगं या तर कांजिण्या!

तर पहिल्यांदा केसांखाली बघा, मग पोट आणि पाठ. कांजिण्या एकदम उठत नाहीत, तीन-चार दिवस नवीन नवीन येत राहतात, त्यामुळे एकाच जागी लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं तिन्ही एकावेळी दिसतं, ही मोठी खूण. तळहात, तळपाय आणि तोंडात जास्त पण पोट-पाठ जवळजवळ स्वच्छ असेल तर बऱ्याचदा ते हँड फूट माउथ, म्हणजे लहान मुलांचा दुसराच एक व्हायरसचा आजार, निघतं. बोटांच्या बेचक्यात आणि रात्री जास्त खाज असेल तर खरूज असू शकते. कळत नसेल तर स्वतः ठरवू नका, दाखवा.

घाई का, तर असायक्लोव्हिर म्हणून व्हायरसवरची गोळी असते, ती पुरळ दिसल्यापासून २४ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. लहान, एरवी ठणठणीत मुलांना ती बहुतेक वेळा लागतही नाही, आमच्या मुलीला डॉक्टरांनी दिली नाही. पण १२ वर्षांच्या पुढचे सगळे, दमा किंवा एक्झिमावाले (इसब असलेले), स्टेरॉइड चालू असलेले आणि घरातली दुसरी केस यांच्या बाबतीत डॉक्टर तिचा विचार करतात. घरातली दुसरी केस हे लक्षात ठेवा, ती पहिलीपेक्षा जोरात येते. नवऱ्याला अंगावर पहिला फोड दिसला तेव्हा तो म्हणाला दोन दिवसांचं काम आटपतो मग जातो. तेच दोन दिवस महागात पडले, ताप १०३ आणि घशात पण फोड, पाणी गिळवेना.

तापाला घरात पडलेलं कुठलंही औषध

ही चूक माझी. रविवारी रात्री ताप वाढला म्हणून मी फ्रिजवरच्या डब्यातलं उरलेलं सिरप दिलं, आणि त्यात पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही होतं हे मी वाचलंच नव्हतं. कांजिण्यांमध्ये आयबुप्रोफेन टाळतात कारण ते घेतलेल्या मुलांमध्ये फोडांतून कातडीच्या आत खोलवर जाणारं गंभीर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन जास्त दिसलेलं आहे. मेफेनॅमिक ॲसिडवालं सिरपही आपल्याकडे मुलांच्या तापाला सर्रास देतात, ते पण याच जातीचं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ॲस्पिरिन तर अजिबात नाही, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. त्याने मुलांना राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात लिव्हर आणि मेंदूला सूज येते, दुर्मिळ आहे पण जिवावरचं आहे. तापाला फक्त साधं पॅरासिटामॉल, आणि तेही वजनावरून डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसनेच. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाव नका बघू, मागची बारीक अक्षरं वाचा.

मेडिकलमधून विचारून आणलेली क्रीम

नवऱ्याने काउंटरवर हात दाखवला, त्यांनी एक ट्यूब दिली, खाजेला एकदम बेस्ट म्हणून. दोन दिवस लावली, खाज थोडी थांबली पण मानेवरचे फोड मोठे झाले आणि दोन-तीन पिकले. नंतर स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि लगेच बाजूला ठेवली, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड कातडीची लढायची ताकद कमी करतं, म्हणजे व्हायरसला रान मोकळं. अशा स्टेरॉइड क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलेलं दिसलं तर कांजिण्यांवर लावू नका.

लावायचं तर साधं कॅलामाइन लोशन, डोळे आणि तोंडाच्या आतला भाग सोडून. तेच नाव जोडलेली चेहऱ्याला लावायची कॉस्मेटिक लोशनं पण मिळतात, ती वेगळी. हळदीचा लेप, टाल्कम पावडर, अंघोळीच्या पाण्यात डेटॉल हे सगळं आम्हाला कोणी ना कोणी सुचवलं, मुलीला डेटॉलच्या पाण्याने इतकी आग झाली की ती बाथरूममधून रडत बाहेर आली. खाजेमुळे झोप उडत असेल तर रात्रीसाठी डॉक्टर सिरप लिहून देतात, ते मागून घ्या.

अंघोळ बंद, मीठ बंद, फोडणी बंद

याच्यावरून घरात वादच झाला, खोटं कशाला सांगू. सासूबाईंच्या लहानपणी देवीची साथ बघितलेली माणसं घरात होती, त्यांची भीती खरी होती, देवी १९७० च्या दशकात आपल्या देशातून गेली पण तिचं पथ्य मात्र कांजिण्यांना येऊन चिकटलं. कांजिण्यांचा व्हायरस पूर्ण वेगळा आहे. अंघोळ रोज घालायची, कोमट पाण्याने, टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं. आम्ही सासूबाईंचं मन राखायला कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला, पण पाल्याने अंग खाजवू दिलं नाही कारण त्यानेच फोड फुटतात. नखं मुळापर्यंत कापली, झोपताना हातात जुने सुती मोजे घातले. जेवणात काही बंद करायचं नाही. तोंडात फोड असतील तर तिखट-आंबट आपोआपच नको होतं, मऊ भात, ताक, नाचणीची आंबील चालते, आणि पाणी भरपूर. आजारी लेकराला चार दिवस नुसत्या दूधभातावर ठेवून काय मिळणार?

स्किनचा डॉक्टर शोधताना

मुलांना कांजिण्या आल्या तर आधी मुलांचे डॉक्टर, नाहीतर फॅमिली डॉक्टर, तेवढं बहुतेकदा पुरतं. स्किनचे डॉक्टर कधी, तर निदानात शंका असेल, मोठ्या माणसाला आल्या असतील, फोड पिकले असतील, किंवा नंतर खड्डे राहिले तर. आमची चूक ही की "स्किन क्लिनिक" अशी पाटी बघून आम्ही फोन लावला, तिथे लेझर आणि फेशियलची कामं चालायची आणि त्वचारोगाची डिग्री असलेलं कोणी नव्हतंच. पाटीवर किंवा चिठ्ठीवर त्वचारोगातलं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल हा त्वचारोगाचा डिप्लोमा आहे का बघा, नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. सिव्हिल हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत खर्च अगदी कमी येतो, मुंबईत साथीच्या आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे. जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर फुकट व्हिडिओ कॉल होतो.

आणि जायच्या आधी फोन करून "कांजिण्या वाटतायत" एवढं सांगाच. आम्ही सरळ जाऊन भरलेल्या वेटिंगमध्ये बसलो, समोर एक गरोदर बाई बसलेली होती, आठवलं की अजून वाईट वाटतं. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत हे पसरतं, हवेतूनसुद्धा. फोन केला की डॉक्टर शेवटची वेळ देतात नाहीतर मागच्या दाराने घेतात. ज्या गरोदर बाईला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही ती अशा पेशंटजवळ आली असेल तर तिने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावं, १० दिवसांच्या आत द्यायचं एक इंजेक्शन असतं. आजोबांना नागीण झाली असेल तर नातवंडांना त्यांच्या फोडांपासून लांब ठेवा, व्हायरस तोच आहे. (नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो हे मात्र खोटं.)

दम लागणं, सारखी गुंगी, मान ताठ होणं, थांबत नसलेल्या उलट्या, चालताना तोल जाणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, फोडाभोवतीची कातडी लाल-गरम होऊन पसरणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

खपल्या आणि डाग

खपली स्वतःहून पडू द्या. काळे डाग काही महिन्यांत फिके होतात, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, लिंबू घासू नका, आणि "डाग जायची" म्हणून मिळणाऱ्या क्रीममध्येही स्टेरॉइड असू शकतं, ते तपासा. नवऱ्याच्या कपाळावर दोन खड्डे राहिलेत, ते क्रीमने भरत नाहीत, डॉक्टर म्हणाले सहा महिने थांबू, मग प्रोसिजरचं बघू.

मुलीची लसीची फाइल नंतर काढून बघितली. पहिला डोस पंधराव्या महिन्यात झालेला, दुसरा राहूनच गेला होता. ही लस सरकारी मोफत यादीत नाही, त्यामुळे कोणी आठवण करत नाही, आपणच लक्षात ठेवावं लागतं. धाकट्याचाही दुसरा डोस बाकी होता. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत घेतली तरी लस उपयोगी पडू शकते, म्हणून डॉक्टरांनी त्याला मंगळवारीच टोचली, आणि घरात दोघं आजारी असून त्याच्या अंगावर एकही फोड उठला नाही.