पाळणाघरातील उन्हाळी सुट्टीची फी कशी ठरवावी

शाळा सुरू असताना घरगुती पाळणाघराची घडी बसलेली असते. लहान मुले दिवसभर असतात, शाळकरी मुले शाळा सुटल्यावर तीन-चार तास येतात. सुट्टी लागली की तीच शाळकरी मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात असतात, काही नियमित मुले आईवडिलांबरोबर महिनाभर बाहेरगावी जातात आणि केवळ सुट्टीपुरती सोय हवी असलेले नवे पालक चौकशी करू लागतात. अशा वेळी जुनीच फी चालू ठेवली, किंवा विचारणाऱ्याला तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तर सुट्टीअखेर काम दुप्पट होते आणि हाती मात्र पूर्वीइतकेच उरते. म्हणून फी ही मुलाच्या हजेरीची नसून त्याच्यासाठी राखलेल्या जागेची असते, हे संचालिकेने प्रथम स्वतःशी पक्के करावे.

पहिले काम जागा मोजण्याचे. एका व्यक्तीने किती मुले सांभाळावीत याची मर्यादा अनेक ठिकाणी कायद्याने ठरलेली असते आणि त्या मोजणीत पुष्कळदा संचालिकेची स्वतःची लहान मुलेही धरली जातात. सुट्टीत ती मुलेही दिवसभर घरीच असल्यामुळे, मागणी वाढते नेमक्या त्याच काळात देता येण्याजोग्या जागा कमी होऊ शकतात. मदतनीस ठेवून जागा वाढवायच्या असतील, तर वाढलेल्या जागांच्या फीतून तिचा पगार निघून वर काही उरते का, हे आधी पाहावे.

त्यानंतर आठवड्याचा खर्च मांडावा. जेवणखाण, वीज-पाणी, स्वच्छतेचे साहित्य, खेळणी, विमा, मदतनिसाचा पगार आणि स्वतःचा मोबदला हे सर्व त्यात यावे. स्वतःचा मोबदला शेवटी उरेल तो, असे न धरता खर्चातच लिहावा. बहुतेक घरगुती पाळणाघरांचा हिशेब येथेच चुकतो. समजा, असा एकूण खर्च आठवड्याला १२०० आहे (चलन कोणतेही धरावे) आणि जागा ६ आहेत. १२०० भागिले ६ म्हणजे २०० हा आकडा सोयीचा वाटतो, पण सुट्टीत सर्व जागा सर्व आठवडे भरलेल्या राहत नाहीत. एक जागा रिकामी राहील असे गृहीत धरून ५ ने भागल्यास २४० येतात. २०० ने फी घेतली आणि एक मूल कमी झाले, तर ती तूट दुसऱ्या कोणाच्या नव्हे, संचालिकेच्याच मोबदल्यातून जाते. हाती आलेला आकडा मग परिसरातील इतर पाळणाघरांच्या दराशी ताडून पाहावा. मात्र तो दर पाहूनच हिशेबाला सुरुवात करू नये.

शाळकरी मुलाचे ४ तास १० तास झाले म्हणून त्याची फी सरळ अडीचपट करणे बरोबर नाही, कारण विम्यासारखे खर्च तासांनुसार वाढत नाहीत. जेवण, देखरेख आणि मुलांना गुंतवून ठेवण्याचे श्रम मात्र निश्चित वाढतात. अर्ध्या दिवसासाठी येणाऱ्याला निम्मी फी लावतानाही सावध राहावे. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी दुसरे मूल क्वचितच मिळते. सुट्टीतील आकारणी महिन्याऐवजी आठवड्यावर ठेवणे सोयीचे जाते. सहलीचे तिकीट आणि वाहनखर्च फीत मिसळू नये, वेगळा घ्यावा.

सर्वांत नाजूक प्रश्न सुट्टीत न येणाऱ्या नियमित मुलांचा. त्यांच्यासाठी दोन पर्याय ठेवता येतात: ठरलेला हिस्सा, उदाहरणार्थ निम्मी फी, भरून जागा राखावी, किंवा जागा सोडावी आणि परतल्यावर ती मिळण्याची हमी धरू नये. राखलेल्या जागेवर तात्पुरते मूल घेतले, तर त्या आठवड्यांची राखणावळ मूळ पालकांना परत करावी, असे माझे मत आहे. एकाच जागेचे दोघांकडून पैसे घेणे नियमात बसवता आले तरी शोभत नाही.

मुलाला उशिरा नेल्यास पालकांकडून घ्यायच्या जादा आकाराबद्दल एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधील हायफा येथील १० पाळणाघरांत पाहणी केली आणि ती २००० साली प्रसिद्ध केली. ज्या पाळणाघरांत उशिरासाठी लहानसा दंड सुरू केला, तेथे उशिरा येणारे पालक कमी न होता वाढले आणि दंड रद्द केल्यावरही ते प्रमाण खाली आले नाही. पालकांना दंड म्हणजे जादा वेळेचा दर वाटू लागला, असा त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हा हा आकार लावायचाच असेल, तर तो नगण्य नसावा.

ठरलेली फी, आठवड्यांच्या तारखा, आगाऊ अनामत आणि ती कोणत्या स्थितीत परत मिळणार नाही, हे सुट्टीच्या निदान दोन महिने आधी लेखी द्यावे आणि पालकांची सही घ्यावी. भावंडांना सवलत द्यायची झाल्यास ती दुसऱ्या मुलाच्या फीवरच आणि थोडी असावी, कारण दुसरे मूलही एक पूर्ण जागा व्यापते. ओळखीच्या कुटुंबाला फी कमी करायची असेल, तर तिचे कारण सर्वांना सांगता येईल असेच असावे. पाळणाघराच्या दाराशी पालक एकमेकांशी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात फीचा विषय हमखास निघतो.