पोराला जिम्नॅस्टिकला घालताय? मग घाई नको

पुण्यात उन्हाळी शिबिर संपलं की दरवर्षी तेच होतं, पोरगा कोलांटी बरी मारतो, सर म्हणतात रेग्युलर पाठवा, आणि आईबाबा लगेच विचारतात स्टेट कधी खेळेल? माझा मोठा सातव्या वर्षी लागला, आता सोळाचा आहे, म्हणून आधी एकच सांगते, मुलग्यांच्या बाबतीत घाई करू नका. टीव्हीवर लहान चणीच्या मुली बघून वाटतं की तेराव्या वर्षापर्यंत झालं नाही तर गेलंच. पण मुलगा इंटरनॅशनल सीनियर होतो तोच मुळी 18 पूर्ण होण्याच्या वर्षी, आणि रिंग्जवर, म्हणजे वरून टांगलेल्या दोन कड्यांवर लागणारी ताकद वयात आल्याशिवाय येतच नाही. जपानचा कोहेई उचिमुरा 2016 ला रिओत ऑलराउंड, म्हणजे सगळ्या साधनांचे मार्क मिळून, गोल्ड जिंकला तेव्हा 27 वर्षांचा होता! आपला आशिष कुमार 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये फ्लोरला (जमिनीवरच्या कसरती) ब्राँझ आणि व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून उडी) सिल्व्हर घेऊन आला तेव्हा 19 चा.

क्लास निवडताना नाव बघू नका, रोज वेळेत पोचता येईल का ते बघा. बालेवाडीचं क्रीडासंकुल उत्तमच, पण सिंहगड रोडवरून रोज संध्याकाळी जाऊन यायचं म्हणजे पोरगं गाडीतच दमतं. हॉलमध्ये जाऊन पाऊण तास गप्प बसा. एका क्लासमध्ये माझ्या मुलाला स्प्लिटमध्ये बसवून वरून दाबत होते, तो रडत होता आणि मी बाहेर बसून होते, याचं मला अजून वाईट वाटतं. तिथून काढला त्याला.

पहिली तीन वर्षं मेडल विचारू नका, हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, विचारा. घरी पोट भिंतीकडे करून उलटं उभं करा, पाठ भिंतीकडे केली की कमरेत बाक येतो आणि तो बाक मग हाय बारपर्यंत (उंच आडवा दांडा) सोबत जातो. मार्कांची भानगड अशी, अवघडपणाचे वेगळे आणि सफाईचे 10 मधून कापत जातात, पडला की अख्खा 1 मार्क, पण नुसता गुडघा वाकला, पाय सुटले तरी 0.1, 0.3 असे जातातच. हे कापणं थांबतं ते लहानपणीच्या कंटाळवाण्या सरावाने.

पॉमेलला, म्हणजे दोन मुठी असलेल्या घोड्याला, सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी मश्रूम, म्हणजे उपड्या घमेल्यासारखा बुटका गोल ठोकळा, त्यावर हात टेकून पाय गोल फिरवायचे. आमच्याकडे एक गोल पूर्ण यायला महिने गेले, पण ते रोज दहा मिनिटंच करायचं. मल्लखांब केलेल्या पोरांना उलटं होण्याची भीती नसते आणि पकड छान असते, फक्त त्यांना मांड्यांनी धरायची सवय असते, इथे सगळा भार हातांवर, ती सवय मोडायला वेळ लागतो.

हात बघत जा. बारवर तळव्याला घट्टे पडतात, ते वाढले की एक दिवस कातडं सोलून निघतं, लाल मांस दिसतं, पहिल्यांदा मीच घाबरले होते. साबणाने धुवायचं, लोंबणारं कातडं स्वच्छ कात्रीने कापायचं, ओढायचं नाही, रात्री खोबरेल लावून मोजा घालायचा. आंघोळीनंतर घट्टे घासले तर हे कमी होतं. मनगटाचं मात्र वेगळं, वाढीच्या वयात अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर "सवय होईल" म्हणू नका, तिथे हाडाची वाढ चालू असते, हातावर भार बंद करा आणि ऑर्थोपेडिकला दाखवा.

दहावीला निम्मी पोरं सुटतात आणि ती परत येत नाहीत. पूर्ण बंद करू नका, नुसता हँडस्टँड आणि ताकदीचा व्यायाम ठेवा. आम्ही क्लास आठवड्यातून दोनदा केला, बाकी घरी सकाळी अर्धा तास. बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांतही तो भिंतीला पाय लावून उलटा उभा असायचा, त्याच्या अंगठ्यांचे काळे डाग हॉलच्या भिंतीवर अजून आहेत.