नॉन-कॉम्पीट करारावर सही केली आहे? नोकरी बदलताना या चुका टाळा

नवी ऑफर हातात असूनही राजीनामा न देणारी माणसं मी पाहिली आहेत. अडवते ती जुन्या नेमणूकपत्रातली एक ओळ : 'नोकरी सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही.' सही केली म्हणजे बांधले गेलो, असं धरून बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार, कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून माणसाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. अपवाद आहे तो धंदा त्याच्या नावलौकिकासह विकणाऱ्याला; पगारदाराला तो लागू होत नाही. 'अहो, एकच वर्ष, तेही फक्त पुण्यात, मग वाजवीच ना?' असं एचआर समजावतं. इंग्लंडमध्ये हा वाजवीपणा तपासला जातो. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला तो वाचवत नाही. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण बघा. जाहिरातींचे नवे प्रस्ताव आधी आपल्यालाच दाखवावेत, ही त्याच्या व्यवस्थापन कंपनीची अट करार संपल्यावर लागू होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं.

पण याचा उलटा अर्थ काढणारेही फसतात. नोकरी चालू असतानाची बंदी वेगळी. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातले गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उरलेल्या मुदतीपुरता मनाई हुकूम कायम ठेवला. त्यामुळे नोटीस पीरियडमध्येच नव्या कंपनीचं काम सुरू करणं, किंवा पगार इथला घेऊन रात्री प्रतिस्पर्ध्यासाठी राबणं, हे कलम २७ च्या भरवशावर करू नका.

खरा घात होतो तो शेवटच्या आठवड्यात. ग्राहकांची यादी, दरपत्रकं, सोर्स कोड स्वतःच्या ईमेलवर पाठवले जातात. 'मीच तर बनवलंय' असं वाटतं. नोकरीत बनवलेलं ते बहुतेक वेळा कंपनीचं असतं, आणि गोपनीयतेची अट नोकरी संपल्यावरही टिकू शकते. कंपनीचा वकील मग नॉन-कॉम्पीट बाजूला ठेवून हाच धागा पकडतो. तुमचं कौशल्य, अनुभव, डोक्यातलं शहाणपण मात्र तुमचंच. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

बाँड आणि नॉन-कॉम्पीट यांची गल्लतही नेहमीची. ठरलेली वर्षं नोकरी न केल्यास पैसे भरा, ही बाँडची अट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची, दोन लाख रुपयांची अशी अट वैध मानली. पण रक्कम कितीही लिहिली तरी करार कायद्याच्याच कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे आकडा बघून हबकू नका.

वकिलाची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका, आणि रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरही देऊ नका. नेमणूकपत्र, राजीनाम्याची पोच, लॅपटॉप परत दिल्याची पावती एकत्र करा आणि कामगार किंवा करारविषयक प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाकडून दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर पाठवा. नव्या कंपनीलाही ही अट आधीच सांगा. रुजू झाल्यावर तिच्या हाती नोटीस पडली, तर तुमची बाजू घेणं तिला जड जातं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, घेताना पुढे केलेल्या कागदावर नवी बंदी घुसडलेली नाही ना, हे सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचून बघा.