गोधडी भिंतीवर उभी करताना

अंथरायची गोधडी आडवी असते, भिंतीवरची उभी. एवढ्या एका फरकाने कापड निवडण्यापासून ते पावसाळ्यात गोधडी ठेवण्यापर्यंत सगळं बदलतं. वाकळ शिवायला मी सासूबाईंकडून शिकले, कोकणात हर्णैला, आमच्या पडवीत बसून. भिंतीवरच्या गोधड्या मात्र चुकत चुकत शिकले, त्याला बारा वर्षं झाली. आता गावातल्या मुली विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात कापडापासून. जुनं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते, आटायचं ते आटून झालेलं असतं आणि सुई अडत नाही. पण जुनं वेगळं आणि विरलेलं वेगळं. कापड खिडकीसमोर धरा, मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकेच ताणा. ‘चर्र’ आवाज आला तर ते कापड मधल्या थरात घाला, वर घेऊ नका. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसायच्या जागेचं आधी जातं. निऱ्यांत दडलेलं कापड मात्र पुष्कळदा शाबूत असतं, रंगही तिथे गडद राहतो. एकाच लुगड्यात जांभळ्याच्या चार छटा मिळतात त्या अशा. कापायच्या आधी लुगडं अख्खं पसरून बघा आणि छटांच्या जागी खडूने खुणा करा.

पाठीला कोरा मांजरपाट, म्हणजे जाडसर सुती कापड घ्यावं, पण दोनदा कढत पाण्यात धुऊन. पाठीच्या कापडाचा उभा धागा भिंतीवरही उभाच आला पाहिजे. अंथरायच्या गोधडीत कापड तिरपं लागलं तरी निभावतं. टांगलेल्या गोधडीत तिरपं कापड दोन महिन्यांत लोंबतं आणि खालची कड वाकडी होते. माझ्या पहिल्या तिन्ही गोधड्या अशाच बिघडल्या.

रंग जातो का, हे प्रत्येक तुकड्याचं बघायचं. पांढरं फडकं ओलं करून तुकड्यावर ठेवा, वरून इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर मिठाच्या पाण्यात घालून तो पक्का होईल ही आशा सोडा, तुकडा बाजूला ठेवा. घरी रंगवायचं असेल तर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या मोहात पडू नका. ओला असताना तो रंग बघून जीव सुखावतो, पण साबणाच्या पाण्याने निळसर राखाडी होतो आणि उन्हात उडून जातो. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, दोन तास उकळलं तर टिकाऊ तपकिरी मिळतो. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कापड गंजकं लोखंड भिजवलेल्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांसमोर काळं होतं. लोखंड मात्र बेताने. जास्त झालं तर काही वर्षांनी कापड नेमकं त्या काळ्या जागीच फाटतं.

मापाचा हिशेब असा. पाच फूट बाय चार फुटांची गोधडी हवी असेल तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त घ्या. दाट दोरा घातला, म्हणजे सगळे थर धावदोऱ्याने शिवले, की कापड आखडतं. थर जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मी सोललेले नारळ ठेवते. मग मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्यांची रीत उलटी आहे. त्या कडेपासून सुरू करून गोल गोल आत मध्याकडे येतात, तुकडे लावत आणि दोरा घालत एकदमच. कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. कड भक्कम होते, म्हणून भिंतीवरच्या कामाला ही रीत मला फार उपयोगी पडली.

टाचण्या रात्रभर कापडात ठेवू नका. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी टाचणी दोन दिवसांत गंजते, आणि हिरड्याने रंगवलेल्या कापडावर गंज लागला की काळा ठिपका पडतो, तो कायमचा. पितळी किंवा स्टीलच्या वापरा. सुईसुद्धा उठताना कापडातून काढून ठेवायची.

आता दोरा. माझ्या मते भिंतीवरच्या गोधडीत चित्र ठिगळांनी अर्धंच होतं, अर्धं धावदोऱ्याने होतं. आणि इथेच बहुतेक जणी घाई करतात. ठिगळं सुंदर लावतात, मग वरून सरळ ओळी मारून मोकळ्या होतात.

हर्णैचा मासळीचा लिलाव मी शिवला, त्याचं सांगते. संध्याकाळी होड्या किनाऱ्यापासून लांब थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात, आणि ओल्या वाळूवर ढीग मांडून बोली सुरू होते. माणसं, टोपल्या, होड्यांवरचे बावटे सगळं शिवायचा प्रयत्न मी पहिल्या उन्हाळ्यात केला आणि सगळं उसवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त कोळणींची लुगडी घेतली. माणसाच्या आकाराचा एकही तुकडा कापला नाही. काठांचे तुकडे गोलाकार, दाटीने, एकमेकांवर चढलेले. मधे एक रिकामी जागा, फिकट राखाडी, तिथे मासळी आहे असं समजायचं. मग दोरा. वाळूच्या भागात टाका गव्हाच्या दाण्याएवढा, ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर. पाण्याकडे जाताना टाका लहान होत तिळाएवढा, ओळी जवळ जवळ. जिथे ओहोटीची रेघ आहे तिथे एकच ओळ जाड दोऱ्याची, टाके लांब, मधली जागा त्याहून लांब. दोरा दाट झाला तिथे कापड आखडून उंचसखल झालं, विरळ राहिलं तिथे सपाट. संध्याकाळी बाजूने उजेड आला की ते पाणी हललं. सासूबाई बघून म्हणाल्या, “भरती लागली गो.” समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट वरच्या कडेला एका काळ्या काठाने दाखवला आहे, त्याच्यावर दोराच घातला नाही. तट स्थिर हवा होता.

तेव्हा दोरा घालायच्या आधी स्वतःला विचारा: इथे कापड उचललं जायला हवं की बसायला? त्यावर टाक्याची लांबी ठरवा. एका मोकळ्या कापडावर चार प्रकारचे टाके वीत-वीतभर घालून तो नमुना जवळ ठेवा. दोरा सुती, एकेरी, हातभरच घ्यावा. लांब घेतला तर ओढून ओढून मधेच झिजतो.

वेळ लिहून ठेवत जा. माझ्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. एक चौरस फूट दाट दोऱ्याला मला सहा ते सात तास लागतात, म्हणजे पाच बाय चारची गोधडी एकशे वीस ते एकशे चाळीस तासांची. किंमत सांगताना ही वही समोर असली की आवाज खाली जात नाही. “जुन्या कापडाची तर आहे” असं कुणी म्हटलं की मी पान उघडून दाखवते.

टांगायचं. एका शहरातल्या हॉलमध्ये माझी गोधडी वरच्या कडेला चार खिळे ठोकून लावली होती. मी सकाळी पोचले तेव्हा खिळ्यांच्या मधे कापडाला झोळ पडला होता आणि एका खिळ्याने बोटभर चीर गेली होती. तेव्हापासून पाठीला नळी शिवल्याशिवाय मी गोधडी घराबाहेर पाठवत नाही. चार इंच रुंदीची नळी, मांजरपाटाची, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, दोन्ही टोकांना इंचभर आखूड. शिवताना नळीला थोडा सैलपणा द्या, म्हणजे दांड्याचा फुगवटा समोरून दिसत नाही. टाके पाठीच्या आणि मधल्या थरातून घ्यायचे, पुढे येऊ द्यायचे नाहीत. दांडा ॲल्युमिनियमचा बरा, समुद्राकाठी गंजत नाही. गोधडी एक किलोच्या आत-बाहेर भरते, तेवढं वजन पूर्ण रुंदीत वाटलं गेलं की झोळ पडत नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्यांशी उजेडाचंही बोला, संकोच करू नका. संग्रहालयांत कापडासाठी साधारण ५० लक्स उजेड पुरेसा मानतात, म्हणजे बऱ्यापैकी मंद. दिव्याचा झोत थेट कापडावर नको, खिडकीचं ऊन तर नकोच.

पहिलं प्रदर्शन गावातच करा. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, उत्सवातला मांडव, काहीही चालेल. ज्यांची लुगडी घेतली त्या बायकांना आधी बोलवा. प्रत्येक गोधडीच्या पाठीला मी कापडी पट्टी लावते: नाव, साल, माप आणि लुगडं कुणाचं ते, त्यांची परवानगी घेऊन. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालापासून आहे, तिथल्या दालनांसाठी रांग मोठी असते, म्हणून अर्ज लवकर करावा. परदेशी स्पर्धांनाही घाबरू नका. अमेरिकेत ओहायोतल्या अथेन्स गावी १९७९ पासून ‘क्विल्ट नॅशनल’ हे गोधड्यांचं प्रदर्शन भरतं, दर दोन वर्षांनी. त्यांची मूळ अट इतकीच की किमान दोन पूर्ण थर असावेत आणि ते आरपार टाक्यांनी धरलेले असावेत. आपली वाकळ या अटीत आधीपासूनच बसते. अशा ठिकाणी निवड फोटोवरून होते. फोटो सकाळी आठच्या सुमाराला पडवीत काढा, उजेड एका बाजूने येऊ द्या. समोरून फ्लॅश मारला तर दोरा दिसत नाही आणि गोधडी छापील चादरीसारखी दिसते. एक फोटो अख्खा, कडांसकट, आणि एक अगदी जवळून.

मृग लागायच्या आधी सगळं आत. घडी घालू नका, घडीवर धागा मोडतो. जाड पाइपवर धुतलेलं मऊ धोतर गुंडाळा, त्यावर गोधडी गुंडाळा, वरून पुन्हा सुती कापड. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि आठ दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. डांबरगोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका, वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून जवळ ठेवा. पावसाने उघडीप दिली की गुंडाळी सोडून तासभर वारा द्या आणि कसर लागली का ते पाठीकडून बघा. आश्विनात ऊन कडक झालं की पडवीच्या सावलीत दिवसभर पसरा. परत गुंडाळताना पुढची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे सुरकुत्या पडल्याच तर त्या पाठीच्या मांजरपाटावर पडतील.