सुरा घेताना आधी पाणी बघा

दर हंगामाला आमच्या कॅम्पवर चार-पाच नवी पोरं कामाला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, चाकू कुठला घेऊ?" बहुतेकांच्या मोबाइलमध्ये फोटो तयारच असतो. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. तो घेऊ नका. मी घेतला होता, नऊशे रुपयांना. रसाळगडाहून सुमारगडाकडे जाताना मुक्कामाला ऐनाचं जळण फोडायला काढला, तर तिसऱ्या ठोक्याला मूठ हातात आणि पातं लाकडात. आत पात्याचं शेपूट पेन्सिलीएवढंही नव्हतं. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग हवं, हे हल्ली सगळेच सांगतात, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

लांबी चार-पाच इंच, जाडी साडेतीन-चार मिलिमीटर. त्याहून मोठं काम असेल तर कमरेच्या आकडीत कोयती आहे की! करवंदीच्या जाळ्या सुऱ्याने तोडायचं खूळ व्हिडिओंनी डोक्यात घातलंय. मासळी, दोर, बारीक काटक्या एवढंच असेल तर स्वीडनचा मोरा कम्पॅनियन पुरतो, आणि खाऱ्या वाऱ्यात त्यातला स्टेनलेसच बरा. पण त्याचं पातं अडीच मिलिमीटरचं, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. लाकूड फोडायला त्याच्या पाठीवर दांडकं मारू नका.

राबवायला सुरा हवा असेल तर लोहाराकडे जा आणि ट्रकच्या कमानपाट्याचा करून घ्या. मी तेच केलं, आणि तिथेच फसलो.

हार्डनेसचे आकडे वाचून गेलेलो. म्हटलं, "काका, एकदम कडक ठेवा." ते म्हणाले, "तुला सुरा हवाय की काच?" मी हट्ट सोडला नाही. आठवड्याभरात माणगा बांबूच्या पेरावर धारेचा कणीएवढा टवका उडाला. काकांकडे जायची लाज वाटली, म्हणून वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर धरला. दोन मिनिटांत धार सरळ! टोकाजवळ मोरपिसासारखा निळा पट्टा उमटला होता. मला तो इतका आवडला की फोटो काढला. संध्याकाळी नारळ सोलायला घेतला आणि सोडणातच धार लोळली.

हे नीट समजून घ्या, कारण ह्यात पैसे जातात. लोहार पातं लाल करून बुडवतो, म्हणजेच पाणी देतो, तेव्हा ते कडक होतं, पण ठिसूळही. मग ते परत बेताने तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढत जातात: साधारण 220 अंशांना सुक्या पेंढ्याचा पिवळा, त्यापुढे तपकिरी, मग जांभळा, 300च्या आसपास निळा. राबायच्या सुऱ्याला तपकिरीवर थांबवतात. माझा सुरा आधी पेंढ्यापर्यंतही नेला नव्हता, म्हणून टवका उडाला. आणि ग्राइंडरवर कागदाएवढ्या पातळ धारेतली उष्णता जाणार कुठे? क्षणात निळ्याच्या पार गेली, म्हणून लोळली. निळं दिसल्यावर पाण्यात बुडवून उपयोग नाही. पॉलिश मारलं तर रंग जातो, नरमपणा राहतो. बाजारातल्या चकचकीत सुऱ्यांत असे जळलेले असतात आणि डोळ्यांना कळत नाही.

म्हणून कानस घेऊन जा. धारेवर हलकी ओढा, टोकाशी, मध्ये आणि मुठीशी. घसरली तर पाणी आहे, सहज चावली तर घेऊ नका. विकणारा कानस लावू देत नसेल तर तिथून निघाच. मग धार निसण्यावरच पाजळायची, पाणी शिंपडत. अर्धा तास जातो, जाऊ दे.

बाकी फार घाबरू नका. कैरी कापली की पातं काळं पडतं, तो गंज नव्हे. खोबरेल पुसत राहा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, म्यान ओल धरतं आणि पंधरा दिवसांत लाल. मूठ ओल्या हातात सटकत असेल तर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळा. आणि सुरा कमरेला लावून बाजारात मिरवू नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शेतीकामाचं, घरगुती, कारखान्याच्या किंवा शास्त्रीय कामाचं नसेल तर ते शस्त्र कायद्याखाली येतं. शेतकऱ्याच्या कोयत्याला कुणी काही म्हणत नाही, तुमच्या काळ्या चाकूला म्हणतील.

शेवटी सुरा काकांकडेच नेला. निळा पट्टा बघून ते काही बोलले नाहीत. भात्यावर मला बसवलं. पातं लाल झाल्यावर धार तेवढी डब्यातल्या जळक्या तेलात बुडवली (तेल असलं तरी म्हणायचं पाणीच), पाठ गरम ठेवली, आणि विटेच्या तुकड्याने धार भराभर घासून माझ्यासमोर धरली. पाठीकडून पेंढ्याचा रंग धारेकडे सरकत येत होता.

"कधी बुडवू, सांग," म्हणाले.

मी फार लवकर सांगितलं. ते थांबले, तपकिरी चढू दिली, मग बुडवला.